विजेच्या तारेंतील दोषाचा शोध

‘वीज गेली’ असें आपण सहज म्हणतों. पाऊस गेला, पाहुणे गेले, तशीच वीजहि गेली. आणि घटकाभरानें ती परत आली म्हणजे घरांतील मुलें आनंदानें ओरडतात. ती कोठें गेली होती, हा प्रश्न कोणाच्या मनांत येत नाहीं, व येण्याचें कारणहि नाहीं. परंतु जिला परत आणण्याचें काम ज्यांच्याकडे असतें त्यांस नेमका हाच प्रश्न पडतो. शहराच्या पोटांत मैलोगणती तारा पुरलेल्या असतात. त्यांत कोठेंतरी, बोटाच्या पेराएवढ्या जागेंत, वेष्टन जळून तांबें उघडें पडलेलें असतें. वर फरसबंदी, डांबर, दुकानें आणि रहदारी. डोळ्यांस कांहीं दिसत नाहीं. अशा वेळीं मैलभर दूरच्या खोलींत बसलेला मनुष्य कांहीं मोजमाप करून ‘अमुक वळणाच्या पुढें इतक्या अंतरावर खणा’ असें सांगूं शकतो, ही गोष्ट आम्हांस विमानापेक्षां कमी नवलाची वाटत नाहीं. विमानाचा इतिहास शाळेंतील मुलांसहि ठाऊक असतो. या विद्येचा इतिहास मात्र त्या धंद्यांतील लोकांबाहेर फारसा कोणी वाचीत नाहीं.

मराठींत ‘दोष’ या शब्दाला दोन क्रियापदें लागतात. दोष देतां येतो आणि दोष शोधतां येतो. पहिलें काम सोपें असल्यामुळें तें बहुधा आधीं होतें. विजेच्या तारांच्या इतिहासांत या दोन क्रियांची मोठी ओढाताण झाली आहे, आणि तींतूनच दोष शोधण्याची विद्या हळूहळू आकारास आली. तिचा आरंभ दिव्यांच्या तारांपासून होत नाहीं. दिवे येण्याच्या तीस-पस्तीस वर्षें आधीं, तारायंत्राच्या तारांपासून तो होतो.

खांबांवरून जाणारी तार बिघडली तर मनुष्य तिच्याखालून पायीं किंवा घोड्यावरून जाई आणि तुटलेली जागा डोळ्यांनीं पाही. यांत विद्या अशी कांहीं नव्हती. परंतु १८४८ सालच्या लोकक्षोभाच्या दिवसांत खांबांवरील तार कोणीहि तोडील या भीतीनें प्रशियाच्या सरकारनें बर्लिनहून फ्रँकफुर्टकडे जाणारी तार बऱ्याच अंतरापर्यंत जमिनींत पुरून नेली. हें काम वेर्नर सीमेन्स या तोफखान्यांतील तरुण अधिकाऱ्याकडे होतें. तांब्याच्या तारेवर गटापर्चाचें, म्हणजे मलायाकडील एका झाडाच्या चिकाचें वेष्टन चढविलेलें होतें. मार्च १८४९ मध्यें फ्रँकफुर्टच्या राष्ट्रसभेनें प्रशियाच्या राजाची सम्राट् म्हणून निवड केली, ती वार्ता याच तारेनें त्याच दिवशीं बर्लिनला पोंचली व सीमेन्सचें नांव झालें. पुढें मात्र तार ठिकठिकाणीं बिघडूं लागली. चर उथळ होता, तारेवर लोखंडाचें कवच नव्हतें, आणि उंदीरघुशींना गटापर्चा कुरतडण्यास कोणाची आडकाठी नव्हती. कोणती जागा खणावी हें कळल्यावांचून गत्यंतर नसल्यामुळें तारेच्या टोंकांवर मोजमाप करून आंतील दोषाचें अंतर काढण्याच्या रीती सीमेन्सनें १८५० च्या सुमारास मांडल्या. इकडे सरकारी तारखात्यानें दोष सीमेन्सच्या पद्धतीस दिला आणि सीमेन्सनें तो सरकारच्या काटकसरीस दिला. १८५१ मध्यें त्यानें आपलें म्हणणें छापूनहि काढलें, आणि त्यापायीं प्रशियाच्या सरकारचीं कामें कांहीं वर्षें गमावलीं. या विद्येच्या पहिल्याच पानावर शोधणें आणि देणें हीं दोन्ही अशीं शेजारीं शेजारीं बसलेलीं आहेत.

जमीन निदान खणतां तरी येते. समुद्राचें तसें नाहीं. ५ ऑगस्ट १८५८ रोजीं आयर्लंडांतील व्हॅलेन्शिया आणि न्यूफाउंडलंड यांच्यामध्यें अटलांटिक महासागराच्या तळावरून टाकलेली पहिली तार जोडली गेली. व्हिक्टोरिया राणीचा अठ्ठ्याण्णव शब्दांचा संदेश पलीकडे पोंचण्यास सुमारें सोळा तास लागले, तरी न्यूयॉर्कमध्यें इतका उत्सव झाला कीं रोषणाईंत तेथील नगरभवनाचा घुमटच पेटला. कंपनीचा विद्युत्तज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाऊस हा मूळचा ब्रायटनचा शस्त्रवैद्य. क्षीण खुणा जोरानें पुढें ढकलाव्या एवढेंच त्यास ठाऊक होतें. म्हणून मोठमोठीं वेटोळीं लावून त्यानें तारेंत सुमारें दोन हजार व्होल्टांचा दाब घातला. दुसऱ्या बाजूस ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम टॉमसन (हेच पुढें लॉर्ड केल्व्हिन झाले) यांनीं केसासारख्या धाग्याला टांगलेल्या इवल्याशा आरशाचें मापक बनविलें होतें, आणि अगदीं मंद प्रवाहहि आरशावरून उडणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्यानें त्यांस दिसत असे. एकास अधिक जोर पाहिजे होता, दुसऱ्यास अधिक सूक्ष्म दृष्टि. सप्टेंबरच्या आरंभीं तार निकामी झाली.

ती कोठें निकामी झाली? व्हाइटहाऊसचें मत असें कीं दोष आयरिश किनाऱ्याजवळच, उथळ पाण्यांत आहे. मापें घेणाऱ्यांचें उत्तर निराळें आलें: दोष शेंकडों मैल आंत, खोल समुद्रांत आहे, म्हणजे त्या काळच्या साधनांनीं हात पोंचणार नाहीं तेथें. संचालकांनीं व्हाइटहाऊसला ऑगस्टमध्येंच काढून टाकलें होतें, आणि पुढें सर्व लोकांनीं तार जाळल्याचें पाप त्याच्याच माथीं मारलें. आमच्या मतें यांत अर्धाच न्याय झाला. त्याच्या दोन हजार व्होल्टांनीं व्रण चिघळविला, हें खरें. पण व्रण आधींपासून होता. ब्रिटिश सरकारचें व्यापारखातें आणि अटलांटिक कंपनी यांच्या संयुक्त समितीनें १८६१ मध्यें जो जाडजूड अहवाल प्रसिद्ध केला, त्यांत प्रयोगसिद्ध माहितीवांचून आंखलेली तारेची रचना, देखरेखीवांचून झालेली बनावट आणि बनविल्यानंतरची निष्काळजी हाताळणी हीं अपयशाचीं कारणें सांगितलीं आहेत. त्याच अहवालावरून दिसतें कीं तोंपर्यंत जगांत सुमारें ११,००० मैलांहून अधिक समुद्रतार टाकली गेली होती आणि तींपैकीं चालू होती ती अवघी ३,००० मैलांच्या आसपास. तांबड्या समुद्रांतून कराचीकडे येणारी तार १८६० मध्यें एकदांहि नीट न चालतां गेली. तिच्या भागधारकांस सरकारनें हमी दिलेली असल्यामुळें तिजोरींतून वर्षास ३६,००० पौंड पन्नास वर्षें जात राहिले. एका व्हाइटहाऊसला घरीं बसवून मिटण्यासारखें हें प्रकरण नव्हतें.

मापावरून अंतर कसें काढतात, तें येथें थोडें सांगितलें पाहिजे. तारेंतून विजेचा प्रवाह जातांना त्यास जो अडथळा होतो त्यास रोध म्हणतात. एकाच धातूच्या, एकाच जाडीच्या तारेचा रोध तिच्या लांबीच्या प्रमाणांत वाढतो. दर मैलास रोध किती हें ठाऊक असेल, आणि दोषापाशीं प्रवाह जमिनींत किंवा समुद्रांत गळत असेल, तर टोंकावर मोजलेल्या रोधाला दर मैलाच्या रोधानें भागलें कीं मैल निघतात. पांचवीच्या मुलास येईल असें हें गणित आहे. पण तें करण्यासाठीं ‘दर मैलास रोध किती’ हें ठाऊक पाहिजे, आणि १८५८ मध्यें तेंच कोणास धड ठाऊक नव्हतें. बाजारांतील तांब्याच्या नमुन्यांची वाहकता एकमेकांपासून अतिशय भिन्न असते, असें टॉमसननीं १८५७ मध्येंच दाखविलें होतें. शिवाय रोध कशानें मोजावयाचा? कोणी ठराविक जाडीच्या तारेचा एक मैल हें माप धरी, कोणी आपल्या कपाटांतील एखादें वेटोळें. सीमेन्सनें १८६० मध्यें एक मीटर लांबीचा व एक चौरस मिलिमीटर छेदाचा पाऱ्याचा स्तंभ सुचविला. प्रत्येक गांवचा शेर निराळा असला म्हणजे बाजारांत जी दशा होते तीच येथें होती. १८६१ मध्यें ब्रिटिश असोसिएशननें या कामासाठीं समिति नेमली. टॉमसन, आणि पुढें मॅक्सवेलसारखे पंडित, वर्षानुवर्षें तींत खपले. आज शाळेंतील मूल ज्यास ‘ओहम’ म्हणून ओळखतें तें माप त्या श्रमांतून स्थिर झालें. विद्यापीठांतील शांत कुतूहलापेक्षां समुद्राच्या तळाशीं हरवलेल्या पैशाचा त्यांत अधिक वांटा आहे, हें पदार्थविज्ञानाचीं पाठ्यपुस्तकें सांगत नाहींत.

माप ठरलें तरी एक अडचण राहिलीच. दोषाच्या जागीं वेष्टन पुरतें गेलेलें असेल असें नाहीं. तेथें बारीकशी चीर असते, कोळसा झालेला असतो, गंज असतो. म्हणजे दोषाला स्वतःचा असा कांहीं रोध असतो, आणि टोंकावरील मापांत तो मिसळून येतो. दोष दहा मैलांवर असून त्याचा रोध अधिक आहे, कीं तो वीस मैलांवर असून रोध कमी आहे, हें एका मापावरून कळत नाहीं. समुद्रतारेस एकच गाभा असल्यामुळें तेथें पलीकडचें टोंक एकदां मोकळें ठेवून व एकदां जमिनीस जोडून दोन मापें घेत, आणि ब्लाव्हिए या फ्रेंच तज्ज्ञाच्या समीकरणानें अंतर काढीत. जेथें शेजारीं दुसरी निर्दोष तार असे तेथें मात्र याहून सुंदर युक्ति निघाली. मरे आणि व्हार्ले या दोघांच्या नांवानें ती आजहि चालते.

तिचा पाया म्हणजे ज्यास व्हीटस्टनचा सेतु म्हणतात तो. वास्तविक तो १८३३ मध्यें सॅम्युएल क्रिस्टीनें मांडला. व्हीटस्टननें १८४३ मध्यें तो प्रसिद्धीस आणला व क्रिस्टीचें ऋण उघडपणें मान्य केलें, तरी जगानें नांव व्हीटस्टनचेंच लावलें. मरेच्या रीतींत दोषी तार आणि शेजारची निर्दोष तार यांचीं पलीकडचीं टोंकें एकमेकांस जोडून एक वेढा करतात. दोषाच्या जागेमुळें या वेढ्याचे दोन भाग पडतात: एक आपल्यापासून दोषापर्यंत थेट जाणारा, दुसरा निर्दोष तारेनें पलीकडे जाऊन वळसा घालून दोषापर्यंत येणारा. या दोन भागांशीं टेबलावरील दोन रोध ताडून पाहतात. मापकाचा कांटा शून्यावर आला कीं वेढ्याच्या दोन भागांचें प्रमाण तेंच, जें टेबलावरील रोधांचें. समजा, तार २,००० मीटर लांब आहे. वेढा ४,००० मीटरांचा झाला. टेबलावरील प्रमाण ३० व ७० असें आलें. दोष चार हजारांच्या शेंकडा तीसवर, म्हणजे १,२०० मीटरांवर आहे. दोषाचा स्वतःचा रोध कोठें गेला? तो बॅटरीच्या वाटेवर पडतो, तुलनेच्या वाटेवर पडत नाहीं. म्हणून तो कितीहि असला तरी उत्तर बिघडत नाहीं. तो फारच मोठा असेल तर कांटा मंद हलतो, एवढेंच. ज्याविषयीं कांहींच ठाऊक नाहीं त्यास प्रश्नांतूनच वगळण्याची ही तऱ्हा पाहून गणिताचा गंध असलेल्या कोणासहि संतोष झाल्यावांचून राहणार नाहीं.

मापांचें बळ आणि संशयाचें बळ यांचा सर्वांत नाट्यमय सामना १८६५ च्या जुलैमध्यें ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजावर झाला. व्हॅलेन्शियाहून तार सोडीत जहाज पश्चिमेस निघालें. आरशाचें मापक अखंड चालू होतें. पहिल्याच दिवसांत, सुमारें ऐंशी मैल तार सोडून झाल्यावर, ठिपका भरकटला: तार गळत होती. समुद्रांत सोडलेली तार मोठ्या कष्टानें परत ओढून घेतां घेतां दोषाची जागा हातीं आली. तेथें दोन इंच लांबीचा लोखंडी तारेचा तुकडा वेष्टनांतून आरपार घुसलेला होता. २९ जुलैस पुन्हां तसेंच, पुन्हां तसाच तुकडा. आतां सर्वांच्या मनांत एकच गोष्ट आली: कोणीतरी बुद्ध्या खिळा ठोकीत आहे. तारेच्या टाकींत काम करणाऱ्या मजुरांवर संशय धरण्यांत आला आणि जहाजावरील सभ्य गृहस्थांनीं आळीपाळीनें टाकींत उतरून त्यांच्यावर पहारा करावा असें ठरलें. २ ऑगस्ट रोजीं तिसरा दोष निघाला, तेव्हां पहाऱ्यावर स्वतः सायरस फील्ड, म्हणजे या सर्व उद्योगाचा प्रवर्तकच होता! मग टाकींतील तार बारकाईनें पाहिली, तेव्हां उलगडा झाला. तारेचें जें लोखंडी कवच, त्याचेच धागे ठिसूळ असल्यामुळें ठिकठिकाणीं तुटत होते, आणि वरच्या वेढ्यांच्या भारानें तीं तुटकीं टोंकें शेजारच्या वेढ्यांत रुतत होतीं. रक्षणासाठीं घातलेलें कवचच मारेकरी निघालें. दोषाचें अंतर सांगण्यांत मापक चुकलें नव्हतें. दोषी कोण हें सांगण्याचा त्याचा दावाहि नव्हता. तो तिसरा दोष ओढून घेतांना तार तुटली व समुद्रांत गेली. १८६६ मध्यें नवी तार यशस्वीपणें पडली, आणि त्याच वर्षीं ती जुनीहि तळाशीं गळ टाकून वर काढली व पुरी केली. हेंच जहाज १८७० मध्यें मुंबईस आलें आणि मुंबईपासून एडनपर्यंतची समुद्रतार त्यानें टाकली.

विजेचे दिवे आले तेव्हां ही सर्व सामग्री आयती हातीं होती, तरी ती प्रथम कोणी फारशी वापरली नाहीं. ४ सप्टेंबर १८८२ रोजीं एडिसननें न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील केंद्रांतून वीजपुरवठा सुरू केला. त्याच्या तारा लोखंडी नळ्यांत घालून रस्त्याखालीं पुरलेल्या होत्या. थोड्याच काळानें एका चौकांत टांगे-गाड्यांचे घोडे एकाएकीं बुजूं लागले, उड्या मारूं लागले. माणसांच्या जाड तळव्यांच्या बुटांना जें जाणवत नव्हतें तें ओल्या जमिनींतून घोड्यांच्या नालांना जाणवत होतें. ही हकीकत एडिसन पुढें मोठ्या चवीनें सांगत असे. दोष शोधण्याचें असें बिनखर्चाचें यंत्र पुन्हां कोणास मिळालें नाहीं, एवढें खरें.

१८९० च्या सुमारास लंडनमध्यें फेरांटी या अवघ्या पंचविशीच्या अभियंत्यानें डेप्टफर्डच्या केंद्रांतून शहरांत दहा हजार व्होल्टांनीं वीज नेली. एकांत एक बसविलेल्या दोन तांब्याच्या नळ्या आणि मध्यें मेणांत भिजविलेला कागद, अशी त्याची केबल होती. वीस वीस फुटांचे तुकडे जोडून ती केलेली असल्यामुळें तीस हजारों सांधे होते. जेथें सांधा तेथें शंका, हें तेव्हांपासून आजपर्यंत या धंद्यांतील प्रत्येकास अनुभवानें ठाऊक आहे.

तारायंत्राची तार आणि पुरवठ्याची तार यांत मोठें अंतर आहे. पहिलीस दोन टोंकें असतात आणि दोष होऊनहि ती आजाऱ्यासारखी कण्हत राहते. तिची नाडी सावकाश पाहतां येते. पुरवठ्याच्या तारेंत दोष झाला कीं क्षणार्धांत प्रचंड प्रवाह धांवतो, ब्रेकर किंवा फ्यूज तो तोडतो, आणि मागें उरते ती काळोखांतील एक मुकी तार. शिवाय ती झाडासारखी फांद्या फुटत जाते. म्हणून येथें पहिली पायरी मोजण्याची नसून विभागण्याची असते. एका फीडरवर सोळा विभाग असतील तर मधला स्विच उघडून निम्मी बाजू चालू करून पाहतात. ती टिकली तर दोष दुसऱ्या निम्म्यांत. सोळाचे आठ, आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक: चार खेपांत विभाग सांपडतो. रीत बिनतोड दिसते, पण चुकीच्या बाजूस वीज सोडली कीं दोषाला पुन्हां तोच दणका बसतो आणि वाटेंतील निरोगी केबलच्या सांध्यांसहि तो सोसावा लागतो. व्हाइटहाऊसची आठवण येथें झाल्यावांचून राहत नाहीं. म्हणून शहाणे अभियंते अशा खेपा शक्य तितक्या कमी करतात, आणि विभाग कळतांच त्यास दोन्हीकडून तोडून मापें घेण्यास बसतात.

मापाचें उत्तर बरोबर आलें म्हणून खड्डा बरोबर पडेलच असें मात्र नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या आळींत एका फॉल्टसाठीं तीन खड्डे पडले. शेजारीपाजारी मापें घेणाऱ्या माणसाच्या नांवानें बोटें मोडूं लागले. चौथ्या दिवशीं कळलें तें असें कीं जुन्या बुजलेल्या विहिरीस वळसा घालून केबल नेलेली होती आणि नकाशांत ती सरळ रेघेनें दाखविलेली होती. मापानें केबलवरचें अंतर सांगितलें, खणणारांनीं तें रस्त्यावर मोजलें. त्या माणसानें पुढें आपल्या वहींत तो वळसा काढून घेतला; नकाशांत तो आला कीं नाहीं, देव जाणे.

उंच खांबांवरील लांब वाहिन्यांसाठीं वेढा करीत बसणें परवडत नाहीं. १९१५ मध्यें खोपोलीच्या जलविद्युत्केंद्राची वीज मुंबईच्या गिरण्यांस मिळूं लागली, तेव्हां अशा वाहिन्या आमच्याकडेहि आल्या. पावसाळ्यांत, डोंगरखोऱ्यांतून, तुटलेला चिनीमातीचा इन्सुलेटर शोधीत फिरणाऱ्या माणसांचे हाल ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस अंतर आधीं कळण्याचें मोल सांगावें लागणार नाहीं. १९२० नंतरच्या दशकांत असे रिले निघाले कीं जे दोषाच्या क्षणींच दाब आणि प्रवाह यांचा भागाकार करतात, आणि त्यावरून दोष किती दूर आहे याचा अंदाज घेऊन त्याप्रमाणें ब्रेकर उघडतात. मूळ कल्पना तीच, लांबीच्या प्रमाणांत वाढणाऱ्या अडथळ्याची. आणि जुनी अडचणहि तीच, कारण दोषापाशीं पेटलेल्या ठिणगीचा रोध मापांत मिसळून अंतर लांबल्याचा भास होतो. याच काळांत जर्मनींत एक विलक्षण विरोध अनुभवास आला. वाल्डेमार पेटरसननें एक वेटोळें अशा रीतीनें जोडलें कीं तारेचा जमिनीशीं स्पर्श झाला तरी दोषाचा प्रवाह जवळजवळ नाहींसा व्हावा, ठिणगी आपोआप विझावी आणि पुरवठा चालू राहावा. ग्राहक खूष झाला. पण दोष टिकून राहिला तर त्याचा मागच पुसला गेला. कण्हणें थांबविल्यावर दुखणें कोठें आहे हें विचारावयाचें कोणास?

दुसऱ्या महायुद्धांत शत्रूचीं विमानें शोधण्यासाठीं रडारचें तंत्र वाढलें, आणि प्रतिध्वनीची तीच कल्पना युद्धानंतर केबलमध्येंहि शिरली. केबलच्या टोंकांत विजेचा अत्यंत आंखूड ठोका सोडतात. वाटेंत जेथें तारेची प्रकृति बदलते तेथून त्याचा कांहीं अंश परत फिरतो. अशा केबलमध्यें ठोका एका मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहा लक्षाव्या भागांत, सुमारें १६० मीटर जातो. जाऊन येण्यास १५ मायक्रोसेकंद लागले तर एकूण वाट २,४०० मीटर, आणि दोष १,२०० मीटरांवर: मरेच्या वेढ्यानें वर जें उत्तर दिलें होतें तेंच. सांधे, फांद्या, केबलचें पलीकडचें टोंक, सर्वांचे प्रतिध्वनि पडद्यावर उमटतात, आणि सराव झालेला डोळा त्यांतून नेमका आपला निवडतो. पण दोषाचा रोध मोठा असेल, चीर कोरडी असेल, तर मंद ठोका तिच्यावरून कांहीं झालेंच नाहीं असा निघून जातो. मग वरून मोठा दाब देऊन तेथें क्षणभर ठिणगी पाडतात, आणि ती जळत आहे तोंच ठोका सोडून तिचा प्रतिध्वनि टिपतात.

न्यूझीलंडमधील ऑकलंड शहराचें प्रकरण येथें सांगितलें पाहिजे. १९९८ च्या उन्हाळ्यांत शहराच्या मध्यभागास वीज पुरविणाऱ्या चार मुख्य केबल्स होत्या. २२ जानेवारीस एक गेली, ९ फेब्रुवारीस दुसरी, १९ व २० तारखांस उरलेल्या दोन. उन्हाळा कडक होता; केबलभोंवतालची माती कोरडी पडली कीं आंतील उष्णता बाहेर जात नाहीं, आणि एक केबल गेली कीं तिचा भार उरलेल्यांवर पडतो. सुमारें पांच आठवडे तेथील कार्यालयें व दुकानें जनित्रांच्या घरघरीवर कशीबशी चालली, आणि शेवटीं घाईनें खांब उभारून तात्पुरती वाहिनी आणावी लागली. दोषांच्या जागा हुडकणें हें त्यांत सर्वांत अवघड काम नव्हतें. सरकारी चौकशी बसली ती सर्वच केबल्स एकदम जाण्याचा धोका आधीं कितपत ओळखला होता, या प्रश्नावर. आणि तेवढें अंतर मोजणारें यंत्र कोणत्याहि गाडींत नसतें.

आज उपकेंद्रांतील यंत्रें दोष होतांच अंतर सांगतात. फांद्या फुटलेल्या जाळ्यांत मात्र ‘उपकेंद्रापासून १,२०० मीटर’ या एका उत्तराचीं तीन ठिकाणें निघूं शकतात, तीन निरनिराळ्या गल्ल्यांत. वाटेंत बसविलेले दर्शक, ज्यांच्यावरून दोषाचा प्रवाह गेला त्यांचे दिवे लागतात, ते त्यांतील दोन गल्ल्या वगळतात. उरलेल्या गल्लींत गाडी नेतात. गाडींतील संचयक भरून त्याचा झटका ठराविक अवकाशानें केबलमध्यें सोडतात. प्रत्येक झटक्याबरोबर जमिनीखालीं दोषाच्या जागीं धप्प असा आवाज होतो. असे झटके पुष्कळ वेळ दिले तर जुन्या केबलचें आयुष्य कमी होतें, म्हणून तो आवाज लवकर सांपडावा लागतो. एक मनुष्य कानाला श्रवणयंत्र लावून फरसबंदीवर पाऊल पाऊल पुढें सरकत असतो. हातांतील यंत्र झटक्याची चुंबकीय खूण आणि मागाहून येणारा आवाज यांतील अंतर मोजतें. तें अंतर सर्वांत कमी जेथें, तेथें तो खडूनें फुली मारतो. रात्रीं, रहदारी थांबल्यावर, हें काम चांगलें होतें. मग सकाळीं रस्ता खणण्याची परवानगी मागावी लागते.